मोगरखेड रोडची अकरा डाउन

साहेब, जी गाडी नव्हती तिच्याखाली तुम्ही मला घातलंत.

तुमचं नाव मी लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे. आता तुम्ही रेल्वे विभागाच्या त्या खुर्चीत नसाल, तर आज जो कोणी बसला असेल त्यानं हे स्वतःला लिहिलंय असं समजावं. खुर्ची तीच आहे. माझे एकोणीस अर्ज त्या खुर्चीकडे गेले आणि एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून हा विसावा लांबलाय.

१९ ऑगस्ट १९८७. सकाळचे दहा वाजून एकोणतीस मिनिटं. फाटक नंबर सात. फाटकाशेजारच्या माझ्या गुमटीतला फोन खणखणला.

“सिद्राम, अकरा डाउन मागच्या स्टेशनातून निघाली. फाटक बंद कर. सत्तेचाळीस.”

“बंद करतो, मास्तर.” मी बाहेर जाऊन हँडल फिरवलं, दोन्ही दांड्या खाली आल्या, कुलूप लावलं, परत येऊन फोन घेतला. “बंद केलं. बावीस.”

हे नंबर म्हणजे पुरावा. मास्तरनं एक नंबर द्यायचा, गेटमननं एक द्यायचा, दोघांनी आपापल्या वहीत लिहायचे. म्हणजे उद्या अपघात झाला तर कोण खोटं बोलतोय ते कळतं. माझी वही स्वच्छ होती. सतरा वर्षांत एक खाडाखोड नाही.

“आज जरा वेळ लागेल,” हुपरीकर मास्तर म्हणाले. “अकरा मिनिटं लेट दाखवतोय.”

“कशापायी?”

“सलग बावीस दिवस राइट टाइम आहे. वरच्यांना संशय येईल.”

गाडी बंद होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

मोगरखेड हे गाव आमच्यापासून अकरा किलोमीटर. आमचं नाव मोगरखेड रोड. म्हणजे आमच्या गावाला स्वतःचं नावसुद्धा नाही, दुसऱ्याच्या गावाकडे जायचा रस्ता एवढीच आमची ओळख. इंग्रजानं छोटी लाइन टाकली तेव्हा इथे फक्त कुसळं होती. इंजिनाला पाणी पाहिजे म्हणून त्यानं टेकडीपायथ्याला तळं बांधलं, पंप बसवला, टाकी उभारली. पाण्यामागून माणसं आली. रेल्वेचे खलाशी तेलंगणातून आले, लोहार आमच्या सोलापूर भागातले, चहावाला गफूरचाचाचा बाप गुलबर्ग्याचा. पंचायत मोगरखेडची. तिनं आम्हाला कधी दिवा दिला नाही की विहीर. प्यायला पाणी रेल्वेच्या नळाचं, तेसुद्धा एका नियमानं. आधी इंजिन, मग माणूस. गाडी आली, मास्तरनं टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तीन ठोके दिले, की पंपवाला व्हॉल्व्ह गावाकडे फिरवायचा. कोळशाची इंजिनं गेली, डिझेल आलं, डिझेलला पाणी कशाला लागतंय? पण नियम राहिला. बायका घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि गाडीची वाट बघायच्या. आमच्याकडे सासुरवाशीण गाडीला शिव्या द्यायची, कारण गाडी लेट तर पाणी लेट.

८६ च्या जूनमध्ये चौदा मैलांवरचा पूल खचला. फोनवर सांगण्यात आलं, “आज गाडी येणार नाही.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी फोनच आला नाही.

मी स्टेशनात गेलो. “मास्तर, गाडी बंद झाली का?”

हुपरीकर मास्तर सडसडीत माणूस. बायको वारलेली, मूलबाळ नाही. कोटाची वरची गुंडीसुद्धा ते उन्हाळ्यात लावायचे. त्यांनी टाइमटेबल माझ्यापुढे सरकवलं.

“यात अकरा डाउन आहे का?”

“आहे.”

“रद्द झाल्याचा कागद आलाय का?”

“न्हाई.”

“मग कागद येईपर्यंत गाडी आहे. गाडी नाही असं मी माझ्या हातानं लिहिलं तर उद्या स्टेशन नाही. स्टेशन नाही तर पंप नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तू काय पिणार, सिद्राम? माझी सही?”

तेव्हापासून आम्ही दोघांनी गाडी चालवली. खरं सांगतो, ती आधीच्या गाडीपेक्षा चांगली चालली. आधीची कधी वेळेवर आली नाही, ही रोज दहा चाळीसला हजर. मास्तर मुख्यालयाला रोजचा तक्ता पाठवायचे. तिकिटं का खपत नाहीत अशी विचारणा झाली. मास्तरांनी कळवलं की या भागात बिनतिकीट प्रवासाचं प्रमाण चिंताजनक आहे. वरून कडक पत्र आलं, बिनतिकीट प्रवाशांवर कारवाई करा. आम्ही ते फलाटावर चिकटवलं.

गाव सामील होतंच. गफूरचाचाचा चहा फाटकाशी. बंद फाटकाला थांबलेल्या एसट्यांवर आणि ट्रकांवर त्याचं घर चालायचं. शेवंताबाई पेरूवाली त्याच्याशेजारी. फाटक पाच मिनिटं बंद राहिलं तर तिची अर्धी पाटी खपायची. दांडी खाली आली की ती विचारायची, “सिद्रामभाऊ, आज गाडीला गर्दी हाय का?”

“बाजाराचा दिवस. हाय की.”

“मग सावकाश येऊ द्या.”

हसत होतो आम्ही. हे मी लपवत नाही.

आणि मग जानेवारीत ढाल आली. विभागातलं सगळ्यात वेळेवर चालणारं स्टेशन, मोगरखेड रोड. ती पितळी ढाल मास्तरांच्या हातात कुणी दिली, फोटो कुणी काढून घेतला, भाषणात ‘या छोट्या स्टेशनाकडून मोठ्यांनी शिकावं’ असं कोण म्हणालं? तुम्ही, साहेब. मी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होतो.

आता त्या ऑगस्टवर येतो.

फाटक बंद होऊन आठ मिनिटं झाली होती. अलीकडे एक एसटी, दोन ट्रक. पलीकडे एक पांढरी मोटार. एवढ्यात गावाच्या बाजूनं जीप आली आणि गफूरचाचा टपरी टाकून जीपकडे पळाला. जीपमध्ये त्याची सून होती, शमीम. दिवस भरले होते, आणि पोर आडवं होतं. सुईणीनं हात टेकले होते. तालुक्याचा दवाखाना फाटकापलीकडे तेवीस किलोमीटर.

गफूरचाचा गुमटीशी आला. या माणसानं चौदा महिने त्या बंद फाटकावर चहा विकला होता.

“सिद्राम, खोल बाबा.”

“चाचा, नंबर दिलाय. मास्तरची परवानगी पाहिजे.”

“अरे कसला नंबर! गाडी हाय का तिथं? तुला ठाऊक, मला ठाऊक, त्या शेळीला ठाऊक!”

खरंच एक शेळी होती. रुळांमध्ये कमरेएवढा तरवड वाढला होता, पिवळी फुलं आली होती, आणि शेळी तो चघळत होती. मी फोनचं हँडल फिरवलं.

“मास्तर, गफूरचाचाची सून अडलीय. फाटक उघडू का?”

ते म्हणाले, “गाडी सेक्शनमध्ये आहे, सिद्राम.” म्हणजे दोन स्टेशनांच्या मधे.

“कुठली गाडी?”

“फोनवर असं बोलू नये.”

“मास्तर, बाई मरंल. तीन ठोके द्या, गाडी आली म्हणून लिहा. मी उघडतो.”

“अकरा मिनिटं लेट असं वर कळवून झालंय रे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. “आता लवकर कशी आणू?”

जीपमधून शमीम ओरडली. ती ओरड मी लिहू शकत नाही, मला तेवढं लिहिता येत नाही. मी फोन तसाच लोंबता सोडला आणि कुलूप काढलं.

दांड्या वर गेल्या. पण सगळ्यात आधी फाटकातून जीप गेली नाही. पलीकडची पांढरी मोटार गेली. जीपच्या तोंडावर येऊन, हॉर्न वाजवत. जीपला मागं सरकावं लागलं, मग ती निघाली. मोटार अलीकडे येऊन थांबली आणि तिच्यातून तुम्ही उतरलात. देवदर्शनाहून येत होता, कपाळाला कुंकू होतं.

“गेटमन कोण?”

“मी, साहेब. सिद्राम हिप्परगे.”

“वही दाखव.”

तुम्ही वही पाहिलीत. मग घड्याळ पाहिलंत. “अकरा डाउन सेक्शनमध्ये असताना फाटक उघडलंस?”

वही हातात घेऊन तुम्ही फाटकात आला होता. तुम्ही रुळांमध्ये उभे होता, साहेब. तरवड तुमच्या धोतराला लागत होता. शेळीनं तुमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागली. तुम्ही खाली पाहिलंत. गंजलेला रूळ पाहिलात. डावीकडे पाहिलंत, उजवीकडे पाहिलंत. तेव्हा तुम्हाला सगळं कळलं. मला शपथेवर माहीत आहे की कळलं, कारण तुमचा चेहरा आधी पडला आणि मग कडक झाला. तुम्हाला ढाल आठवली.

“गाडी आली असती तर?” तुम्ही म्हणालात, आणि रुळातून बाजूला झालात. जरा घाईनंच.

चौकशी लागली. आठ दिवसांनी, फलाटावरच.

आदल्या दिवशी दुपारी हुपरीकर मास्तर माझ्या क्वार्टरवर आले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या बायकोनं, सुगलाबाईनं, पाट दिला, पण ते उभेच राहिले.

“दोनच उत्तरं आहेत, सिद्राम. गाडी नव्हती म्हणालास तर तू सुटलास. गाडी नाही तर गुन्हा नाही. होती म्हणालास तर नोकरी जाईल.”

“मग नव्हती म्हणतो.”

“म्हण. तुझा हक्क आहे. मी वाईट मानणार नाही.” त्यांनी वरची गुंडी चाचपली. “फक्त मग पंप जाईल. सातशे माणसं आहेत.”

ते गेल्यावर सुगला म्हणाली, “खरं काय हाय ते सांगा.”

“आणि पाणी?”

“पाणी मी आणीन मोगरखेडवरनं डोक्यावर. घर गेलं तर ते कुठनं आणू?” क्वार्टर रेल्वेचं. नोकरी गेली की पंधरा दिवसांत खाली करायचं. “चाचाची सून वाचली. पोरगी झाली. आता गाव वाचवायला तुम्ही कोण? तुम्ही गेटमन हाय.”

मी तिला शब्द दिला. खरं सांगेन म्हणून.

चौकशीला टेबल, त्यावर हिरवं कापड, त्यावर ढाल. ढाल कुणी ठेवली मला माहीत नाही. तुम्ही मधोमध बसला होता. फलाटाच्या कडेनं बायकांची रांग, घागरींसकट. चौकशीमुळे सकाळचं काम थांबलं होतं, ठोके पडले नव्हते, म्हणून नळ कोरडे होते.

पहिला गफूरचाचा.

“गाडी पाहिलीत?”

“पाहिली, हुजूर. धूर माझ्या दुधात पडला.”

“इंजिन डिझेलचं आहे.”

“म्हणून तर दूध नासलं.”

हसू आलं तरी मी हसलो नाही. ज्या माणसाच्या सुनेसाठी मी कुलूप काढलं, तो माझ्यासमोर गाडी चालवत होता. जाताना तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “माफ कर, सिद्राम. पोरगीला पण पाणी लागंल.”

मग शेवंताबाई.

“गाडी बघितली?”

“बघितली तर! खिडकीत बाई होती हिरव्या लुगड्याची. माझ्याकडनं पेरू घेतला.”

“गाडी फाटकावर थांबत नाही.”

“थांबली कुठं? मी फेकला, तिनं झेलला.”

“आणि पैसे?”

“उद्या देते म्हणली.”

लिहून घेणाऱ्या कारकुनानं मान वर केली नाही. हिरवं लुगडं, पेरू, उधारी. सगळं कागदावर गेलं. तो कागद तुमच्याकडे असेल, काढून बघा.

मग हुपरीकर मास्तर. तुम्ही विचारलंत, “रुळांमध्ये झुडूप दिसलं मला. कमरेएवढं.”

“होय, साहेब.”

“रोज गाडी जाते तिथे झुडूप कसं?”

मास्तर ताठ उभे होते. “लवचिक आहे, साहेब. गाडीखाली वाकतं. गाडी गेली की उभं राहतं.”

तुम्ही मान हलवलीत. तुम्ही मान हलवलीत, साहेब! जसं काही झाडाचा नियम तुम्हाला शाळेत शिकवला होता.

मग माझी पाळी आली.

“सिद्राम हिप्परगे. त्या दिवशी अकरा डाउन होती की नव्हती?”

मी तोंड उघडलं. सुगला रांगेत मागे उभी होती, तिच्याही डोक्यावर घागर होती, रिकामी. तिनं मला मानेनं खूण केली, बोला. आणि तिच्या पुढे पन्नास-साठ बाया होत्या. एकीनंही हात जोडले नाहीत. जोडले असते तर मला राग आला असता आणि मी खरं बोललो असतो. त्या नुसत्या घागरी धरून उभ्या होत्या, रोज गाडीची वाट बघत उभ्या राहायच्या तशा. पंपवाला व्हॉल्व्हवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. शमीम सासऱ्याच्या टपरीच्या सावलीत बसली होती, मांडीवर आठ दिवसांचं गाठोडं.

“होती, साहेब,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की. अकरा मिनिटं लेट होती. गर्दी होती. दारात माणसं लोंबत होती.”

“आणि तू फाटक उघडलंस.”

“उघडलं.”

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. त्याच वेळी मास्तर उठले, रुळाच्या तुकड्याशी गेले आणि त्यांनी तीन ठोके दिले. तिसरा ठोका नीट बसला नाही. नळ खोकले, आणि पाणी आलं. बायका पळाल्या. सुगला पळाली नाही. तिची घागर त्या दिवशी रिकामीच घरी आली, आणि ती माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही.

तुमचा आदेश सहा दिवसांनी आला. ‘गाडी सेक्शनमध्ये असताना फाटक उघडून अंदाजे दोनशे प्रवाशांचे प्राण धोक्यात घातल्याबद्दल सेवेतून बडतर्फ.’ खाली तुमची सही. दोनशे हा आकडा मी दिलेला नाही. तो तुमचा.

मी क्वार्टर सोडलं. गावानं मला टाकीखाली पत्र्याची खोली बांधून दिली. फाटकावर नवा गेटमन आलाच नाही. दांड्या वर होत्या त्या वरच राहिल्या. मास्तर मात्र रोज नंबर देत राहिले, गुमटीत कुणी नसताना. मी टाकीखालून ऐकायचो. फोन वाजायचा, वाजायचा, थांबायचा.

सात महिन्यांनी, ८८ च्या मार्चमध्ये, दुसरा कागद आला. तो फलाटावर चिकटवला, त्या बिनतिकिटाच्या पत्राशेजारी. ‘पूल नादुरुस्त असल्याने सदर मार्गावर १४ जून १९८६ पासून एकही गाडी धावलेली नाही. सबब मार्ग, स्टेशन व पाणीपुरवठा बंद करण्यात येत आहे.’ खाली तुमची सही. तीच. शेवटच्या अक्षराला तोच वळसा.

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. मग कोटाची वरची गुंडी काढली. ती मी पहिल्यांदा उघडी पाहिली.

“म्हणजे आपली गाडी...” ते म्हणाले.

पंपाची मोटर न्यायला ट्रक आला. मोटर चढवताना सगळं गाव बघत उभं होतं, जणू घरातलं माणूस नेतायत. त्या सकाळी तुमच्याच खात्याच्या कुणीतरी दोन्ही दांड्या खाली पाडून कुलूप लावलं होतं, मालमत्ता ताब्यात घेतली म्हणून. ट्रक फाटकाशी आला आणि अडला. ड्रायव्हर मला शोधत आला.

“तुम्ही गेटमन ना? उघडा की.”

“मी बडतर्फ हाय.”

“मग कोण उघडणार?”

“कुणी न्हाई. गेटमनची पोस्ट बंद झालीय.”

“अहो, पण गाडी तर येत नाही ना!”

“तसं लेखी आहे का तुमच्याकडे?”

“येड लागलंय का तुम्हाला?”

गफूरचाचा पुढे झाला. “चहा घ्या, भाऊ. इथं थांबावंच लागतं.” ड्रायव्हरनं चहा घेतला. शेवंताबाईनं त्याला दोन पेरू विकले. तोपर्यंत कुणीतरी हातोडा आणला आणि कुलूप फोडलं, आणि आमचं पाणी फाटकातून निघून गेलं.

आता मोगरखेड रोडला चाळीस घरं उरलीत. बाकीची माणसं जिथे नळ आहे तिथे गेली. मास्तर मिरजेला भाच्याकडे गेले आणि तिथेच वारले. गफूरचाचाची नात परवा भेटली. तालुक्याला नर्स आहे. मला म्हणाली, “नाना, तुम्ही माझ्यासाठी फाटक उघडलं ना?” मी हो म्हणालो. ते एक काम मी केलं, त्याचा मला आनंद आहे. दुसरंही मी केलं. मी खोटं बोललो. गाडी नव्हती. मी, सिद्राम हिप्परगे, हे इथे लिहून देतोय आणि खाली सही करतोय. माझ्याकडून दुसरा कागद येणार नाही.

पण तुमचे दोन कागद माझ्यापुढे आहेत. एकात त्या दिवशी दोनशे माणसांनी भरलेली गाडी माझ्या फाटकाकडे येत होती. दुसऱ्यात त्या दिवसाच्या आधी चौदा महिने एकही गाडी नव्हती. गाडी होती, तर पाणी का नेलंत? नव्हती, तर मला कशासाठी काढलंत?

आजूबाजूचं काही नको. पुलाचं नको, ढालीचं नको, झुडपाचं नको. १९ ऑगस्ट १९८७ ला अकरा डाउन होती की नव्हती?

एका शब्दात सांगा. लेखी द्या. आणि खाली तीच सही करा.